दर्भाचा कावळा

ता. १९ नोव्हेंबर १८९४

काल सामान हलवले आणि आज फणसवाडीत जाग आली. बारा वर्षे तुरुंगाच्या घंटेवर उठलो. आज विहिरीवरच्या रहाटाच्या कुरकुरीने उठलो आणि अंथरुणातच हसू आले. शांतीच्या आईने विचारले, काय झाले. म्हटले, काही नाही, आज सकाळी कोणी कोणाला मोजले नाही.

माडीवर दोन खोल्या आहेत, पुढे लाकडी सज्जा. खाली हेरंबरावांचा छापखाना. दिवसभर यंत्राचा ठोका जिन्यावरून वर येतो आणि शाईचा वास भाजीच्या फोडणीत मिसळतो. ही नाक मुरडते. मला मात्र तो वास अत्तरासारखा वाटतो, कारण त्या यंत्राखाली सध्या माझे पुस्तक आहे. कॉलेजात असताना निबंधाला बक्षीस मिळाले होते. त्यानंतर अफगाणांशी झालेल्या लढाईत कमिसरियटचा, म्हणजे लष्कराच्या रसदखात्याचा, कारकून म्हणून पिठाच्या गोण्यांच्या पावत्या लिहिल्या आणि तुरुंगात बंदिवानांची आवकजावक. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी ग्रंथकार. हे वाक्य पुन्हा वाचले तर त्यात गर्व दिसतो. असू दे; खोडणे हेही एक ढोंगच झाले असते.

जागा घेण्याचे खरे कारण पुस्तक नव्हे, शांती. तिला सहावा लागला आहे. सातव्यात ओटी भरून ती अलिबागहून इथे येईल. आमची आधीची दोन मुले गेली, शांती तेवढी राहिली. तिचे पहिले बाळंतपण कैद्यांच्या भिंतीला लागून करायचे नाही, असे हिने केव्हाच सांगून ठेवले होते.

समुद्राकडून वारा आला की सोनापूरच्या स्मशानाचा धूर येतो. एवढे एक सोडले तर जागेत दोष नाही.

ता. २७ नोव्हेंबर

हेरंबराव आज कच्ची छापील पाने घेऊन वर आले. चहा घेतला, दोनदा घेतला, आणि मग म्हणाले की रघुवीरराव, लढाई झकास उतरली आहे, तुरुंगही झकास, पण कुशाबाच्या प्रकरणाचा शेवट वाचून माणूस पुस्तक भिंतीवर फेकील.

कुशाबाची हकिगत अशी. कंदाहारकडे आमची दाणादाण झाली तेव्हा माझ्या मांडीत गोळी होती. मला नेणाऱ्या डोलीचे बाकीचे भोई वाटेत पाण्यावाचून पडले किंवा पळाले. कुशाबा उरला. त्याने मला खांद्यावर टाकले आणि एक रात्र व पुढचा सगळा दिवस चालला. मला एकदाही खाली ठेवले नाही. ठेवले असते तर पुन्हा उचलता आले नसते, असे तो नंतर म्हणाला.

दहा वर्षांनी तो माझ्याच तुरुंगात आला, फाशीची शिक्षा घेऊन. परळच्या चाळीत भर दुपारी, एका घोंगडीवर शेजारी शेजारी निजलेल्या बायकोचा आणि सासूचा त्याने हातांनी गळा दाबला होता. का, ते त्याने कोर्टालाही सांगितले नाही आणि मलाही नाही. मी विचारले तेव्हा आपले हात उलटेसुलटे करून पाहत राहिला. मी त्याच्यासाठी अर्ज लिहिले. उपयोग झाला नाही.

त्याचे कोणी नव्हते, म्हणून दहाव्याचा पिंड बाणगंगेवर मी ठेवला. आमचे अप्पा भटजी कुरकुरले, पण आले. गोत्र माहीत नव्हते, काश्यप म्हटले. कावळा शिवेना. झाडावर कावळ्यांची सभा भरली होती, पण एक खाली येईना. अप्पा म्हणाले, काहीतरी बोला, त्याचं काय राहिलंय ते करीन म्हणा. मला त्याचे काय राहिले होते ते ठाऊक नव्हते. जे ठाऊक नाही त्याचे वचन मेलेल्या माणसाला देणे मला जमेना. मी गप्प राहिलो. ऊन चढल्यावर अप्पांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

मी हे जसे घडले तसे लिहिले आहे. हेरंबराव म्हणतात, गवताचा कावळा कोणाला रडवणार? ज्याने तुम्हांला वाहून आणले त्याला तुम्ही एक शब्द दिला नाही, हे वाचक तुम्हांला माफ करणार नाही. एक वाक्य घाला. कावळा उतरू द्या.

मी नाही म्हटले.

ता. ३० नोव्हेंबर

लिहिले. तीन दिवस नाही म्हणत होतो. आज खाली छपाईचे खिळे जुळवणारे खोळंबले आहेत असा निरोप आला आणि मी बसल्या बैठकीत ते वाक्य लिहून दिले. पुस्तकात आता मी पिंडासमोर हात जोडून म्हणतो: “कुशाबा, तू मला खांद्यावर वाहिलेस. तू माझ्या घरी ये, मी तुला खांद्यावर घेईन.” आणि कावळा झेप घेऊन शिवतो.

वाक्य चांगले आहे. त्याचाच त्रास होतो. सबंध पुस्तकात हे एकच खोटे आहे आणि तेच सगळ्यांत चांगले उतरले आहे. कोणाचे नुकसान होते? शोधून पाहिले, सापडत नाही.

ता. २२ डिसेंबर

पुस्तक बाहेर आले. पुठ्ठ्यावर माझे नाव. हिने देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिले आणि पानावर कुंकवाचा डाग पडला म्हणून मी रागावलो, मग लाज वाटली. पुस्तकांच्या दुकानात एक गृहस्थ उभ्या उभ्या वाचत होते. कुशाबाच्या प्रकरणाशी त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मी खांबाआड उभा होतो. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

ता. ११ जानेवारी १८९५

शांती आली. भाऊच्या धक्क्यावर उतरताना मला बघून म्हणाली की नाना, तुमच्यामुळे आमच्या घरी भांडण झालं, सासूबाई पुस्तक सोडीनात आणि मामंजींना जेवण मिळेना. बोटीतून येऊनही चेहरा टवटवीत आहे. सज्जात बसून तिने चिंचेचा आकडा मिठाला लावून खाल्ला आणि आईला म्हणाली, इथे बरं वाटतं गं, कोणीतरी वाट बघत असल्यासारखं.

ता. १७ जानेवारी

आज वडिलांचे श्राद्ध झाले. नव्या जागेतले पहिलेच. जे घडले ते क्रमाने लिहितो.

अप्पा आले होते. हेरंबरावांना जेवायला बोलावले होते. कावळ्याचे पान सज्जाच्या कठड्यावर ठेवले. कावळा येईना. पाने वाढून ठेवलेली, भात निवत चाललेला. ही म्हणाली, मामंजींना ही जागा पसंत नाही की काय. हेरंबराव भुकेने कासावीस होऊन म्हणाले की तोवर ग्रंथकारांनी काही वाचून तरी दाखवावे. शांतीने पुस्तक आणून हातात दिले, कुशाबाचे पान तिनेच काढले. मी कठड्याशी उभा राहून वाचू लागलो. वाचता वाचता ते वाक्य आले. मी ते मोठ्याने वाचले. 

आणि कावळा उतरला. मधल्या भातावर चोच मारली. नुसता शिवला नाही, घास घेऊन गेला.

सगळ्यांनी टाळ्या पिटल्यासारखे केले. ही म्हणाली, बघा, मामंजींना लेकाचं पुस्तक ऐकायचं होतं! शांती हसली, आणि हसता हसता तिने पोटावर हात ठेवला. बाळ जोरात फिरलं म्हणाली.

अप्पा तेवढे हसले नाहीत.  जाताना जिन्यात थांबून त्यांनी विचारले, रघुवीरराव, तुम्ही जे म्हणालात ते कोणाला म्हणालात? मी म्हटले, पुस्तकातले वाक्य होते. ते म्हणाले, पान ठेवलेलं होतं, घास वाढलेला होता, आणि तुम्ही नाव घेऊन बोलावलंत.

मी हसलो. विचारसरणीने मी या गोष्टी मानणारा नाही. मग हे सगळे इतक्या बारकाईने का लिहितो आहे?

ता. २५ जानेवारी

शांतीला सारखी तहान लागते. तांब्या भरून ठेवला की रिकामा. डोहाळेही विचित्र आहेत: बासुंदी नको, आंबट नको, कोरडे चणे आणि गूळ. मूठभर चणे ती ओच्यात ठेवते आणि एकेक दाणा फार वेळ चघळते. त्या वाटेवर कुशाबा असाच खायचा, तोंडाला पाणी सुटावे म्हणून. हे मी पुस्तकात लिहिले असेल आणि तिने वाचले असेल.

पुस्तक पाहिले. लिहिलेले नाही.

ता. ३ फेब्रुवारी

दुपारी शांती पाय चेपून घेत होती. पाय भरून आले, वाळूतून चालल्यासारखे, म्हणाली. मग तिचा डोळा लागला आणि ती घशात गुणगुणू लागली. हुं-हुं, हुम्म. हुं-हुं, हुम्म. दोन आखूड, एक लांब. भोई डोली घेऊन चालताना पाय जुळावेत म्हणून असा सूर धरतात. कुशाबाचा तिसरा सूर जरा खाली पडायचा. हिचाही पडतो. मी त्या खांद्यावर उलटा लोंबकळत तो सूर रात्रभर ऐकला आहे. माझी चूक होणे शक्य नाही.

माझी चूक होत असावी. जे भ्यायला शोधतो ते सापडते. उद्या नीट विचार करीन.

ता. ९ फेब्रुवारी

शांतीला गळ्याशी काही सहन होत नाही. आज तिने मंगळसूत्र काढून खुंटीला लावले. ही कडाडली की कार्टे, नवऱ्याच्या जिवावर उठलीस का. शांती रडली, घातले, पुन्हा काढले. कोणीतरी ओढतं, म्हणाली.

मी समजूत घालायला जवळ बसलो. तिची झापड चालूच होती. डोळे न उघडता तिने मला विचारले, मुन्शी, पोचलो का आपण?

मला मुन्शी म्हणणारा एकच माणूस होता.

ता. १२ फेब्रुवारी

आज दुपारी दोघी मायलेकी निजल्या होत्या, एकाच सतरंजीवर. मी सज्जात होतो. आतून घुसमटल्यासारखा आवाज आला. शांतीचे हात तिच्या आईच्या गळ्याभोवती. डोळे मिटलेले. ती झोपेतच होती. बोटे एकेक करून सोडवावी लागली. माझ्या लेकीच्या हातात एवढे बळ नाही.

जागी झाल्यावर तिला काही आठवेना. हिने गळ्याला पदर गुंडाळला आणि मला बजावले की पोरीला एक शब्द बोलाल तर याद राखा. मी हिला सगळे सांगितले. कुशाबा, खोटे वाक्य, कावळा.  ती म्हणाली, तुरुंगानं तुमचं डोकं बिघडवलंय. पोटात आहे तो तुमचा कैदी नाही, माझा नातू आहे.

दोघींना एकत्र निजू नका म्हटले. ऐकत नाहीत. दुसऱ्या खोलीत चूल आहे, तिथे धुरात पोटुशीला निजवायचे नाही म्हणते.

ता. १४ फेब्रुवारी

हेरंबरावांना म्हटले, ते वाक्य खोटे आहे असे छापा. ते म्हणाले दुसरी आवृत्ती यंत्रावर आहे, लोक त्या वाक्यासाठी घेतात, आणि ग्रंथकाराने उठून मी खोटारडा म्हटलेले जगात कुठे ऐकलेय का. खाली ठोका चालू आहे. प्रत्येक ठोक्याला मी त्याला पुन्हा बोलावतो आहे.

ता. १५ फेब्रुवारी

तुरुंगात जाऊन दौलत वॉर्डरला भेटलो. शेवटच्या सकाळी कुशाबापाशी तो होता. त्याचे काही मागणे होते का, विचारले. खरे मागणे कळले तर ते पुरवता येईल, त्याच्या बदल्यात त्याला परत पाठवता येईल, अशी आशा होती.

दौलत म्हणाला, “साहेब, त्यानं कायपन मागितलं नाय. एवढंच म्हनला, माझ्यामागं कोनी रडू नका, कोनी हाक मारू नका. मला परत हात नकोत.”

परत हात नकोत.

तसाच अप्पांकडे गेलो. ते ऐकून जानव्याशी चाळा करू लागले. मग म्हणाले, मग त्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात तेच बरोबर होतं. त्याला वचन नको होतं म्हणून कावळा आला नाही. दर्भाच्या कावळ्यानं तो सुटला होता हो.

ता. १९ फेब्रुवारी

बाणगंगेवर अप्पांसह. भात ठेवला. मी मोठ्याने म्हणालो: कुशाबा, मी खोटे बोललो. येऊ नकोस. घाटावरच्या बायका थांबून बघू लागल्या. मी पुन्हा म्हणालो. झाडावर एकही कावळा नव्हता. आकाशातही नाही.

अप्पांना म्हटले, दर्भाचा करा. त्यांनी दर्भ हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणाले, ज्याला सांगताय तो इथे नाहीच, तो घरी आलाय. जिवंताचा पिंड मला लावता येत नाही.

ता. २ मार्च

शांती सुकली आहे. पोट मात्र— ती म्हणते आत कोणीतरी पाठ फिरवून बसलंय, बाहेर यायचं नाही म्हणतं. बिचारी हसत सांगते.

त्यालाही यायचे नाही. हे तिला कसे सांगू. आम्ही दोघेही नको म्हणतो आहोत, आणि वाक्य त्याला ओढते आहे.

ता. ६ मार्च

झाला. मुलगा. भर दुपारी.

सखुबाई सुईण हात धुताना हिला सांगत होती— एवढी बाळंतपणं केली आनंदीबाई, पन असं नाय पायलं. नाळेचा गळ्याला वेढा तर पुष्कळांच्या असतो. ह्यानं दोन्ही मुठींनी धरून ठेवली होती, आवळून. सोडंना पोरगा. निळा पडला तरी सोडंना. बोटं उचकटली मी.

ही म्हणाली, देव पावला.

मी दाराबाहेर होतो. सगळे ऐकत होतो. त्याला सोडवू नका, असे म्हणता आले असते. त्याचे तेच मागणे होते, दुसऱ्यांदा. पण आत शांती ओरडत होती, माझं बाळ, माझं बाळ द्या— मी बोललो नाही. या वेळी गप्प राहणे बरोबर होते की नाही, ते—

ता. ८ मार्च

रडत नाही. बघतो. आपले हात डोळ्यांपुढे धरून उलटेसुलटे करतो.

ही सांगते, सगळी मुले करतात.

ता. ११ मार्च

सटवी पुजली. बाळाचे नशीब लिहायला तिच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. हिने माझी लेखणी मागितली. दिली नाही. या लेखणीने पुष्कळ लिहिले. ही रडली, शेजारून बोरू आणला.

ता. १३ मार्च

काल दुपारी दोघींच्या मध्ये ठेवला होता. मी आत गेलो— बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही, सोयर आहे, ठाऊक आहे— तो शांतीच्या गळ्यापाशी पोचला होता. कसा, कोणी सांगावे. सरकता येत नाही त्याला. बोटे तिच्या मानेवर. उचलला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि, मी शपथेवर लिहितो, त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती.

तेव्हापासून खाली ठेवला नाही. पाजायला तेवढा देतो, शेजारी बसतो, परत घेतो. ही शिव्या देते. देऊ दे. शांती म्हणते, नाना, जरा पाठ टेका. नाही टेकणार.

वचन खोटे होते. पण खांदा खरा आहे. वाक्यात दिले ते आता देतो आहे— यातच काही मार्ग असेल. असलाच पाहिजे.

ता. १४ मार्च

दुपार. दोघी निजल्या. एकाच सतरंजीवर, शेजारी शेजारी. रात्रभर त्या माझ्याशी भांडत जागल्या, म्हणून आता गाढ.

मी सज्जात. डाव्या खांद्यावर तो, उजव्या हाताने लिहितो, झोप येऊ नये म्हणून. डावा हात बधिर आहे. कुशाबाने त्या दिवशी मला खाली ठेवले नाही. मीही—

कठड्यावर कावळा येऊन बसला. ओरडत नाही.

डोळे मिटतात. खाली यंत्राचा ठोका. दोन आखूड, एक लांब. यंत्र नाही. कानाशी. हुं-हुं, हुम्म. मीच गुणगुणतो आहे असे वाटले— माझे ओठ मिटलेले आहेत.

कुशाबा, नको. धर मला. गळा माझा धर. माझा—

त्याने मान उचलली. आठ दिवसांचे मूल मान उचलत नाही. माझ्याकडे बघत नाही, खांद्यावरून मागे बघतो, खोलीत— रडतो आहे, आता रडतो, मोठ्या माणसासारखा, आवाज न करता— आणि हात पुढे—

डावा हात चालत नाही, पोरगा निसटतो आ— शांती, ऊठ, आईला घेऊन बाहे